बाजार हलतो तेव्हा हात आवरा

हे आवाहन नोकरदारांना, निवृत्तांना, छोट्या दुकानदारांना आणि अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना आहे. ज्यांच्या मोबाइलमध्ये डिमॅट खात्याचं ॲप आहे, सकाळी सव्वानऊ वाजले की ज्यांचा अंगठा आपसूक त्या ॲपकडे वळतो आणि बाजार पडला की ज्यांना दिवसभर दुसरं काही सुचत नाही, त्या सगळ्यांना आहे. मी नागपुरात लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. शेअर घेण्या-विकण्याचे सल्ले देणं माझं काम नाही. पण लोकांनी वर्षभर बाजारात काय केलं, त्याचा सगळा हिशोब जून-जुलैत माझ्या टेबलावर येतो. ब्रोकरच्या स्टेटमेंटमध्ये तारीख असते, वेळ असते, भाव असतो. त्यावरून माणूस कोणत्या दिवशी घाबरला आणि कोणत्या दिवशी हावरा झाला, ते सरळ वाचता येतं.

त्या कागदांमधून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. निवडणुकीचा निकाल, अर्थसंकल्प, युद्धाची बातमी, अमेरिकेच्या अध्यक्षांची एखादी घोषणा असलेल्या महिन्यांची पानं जाड असतात. शांत महिन्यांची पातळ. म्हणजे ज्या काळात काय होणार हे कोणालाच सांगता येत नाही, नेमक्या त्याच काळात आपण सगळ्यात जास्त खरेदी-विक्री करतो. माझं सांगणं एवढंच आहे की बाजार पडून जितका पैसा जातो, त्यापेक्षा जास्त पैसा हलत्या बाजारात आपण घाईने केलेल्या सौद्यांमध्ये जातो. बाजार आपल्या हातात नाही. सौदे आहेत.

१३ मार्च २०२० चा शुक्रवार आठवून पाहा. नागपुरात करोनाचा पहिला रुग्ण त्याच आठवड्यात सापडला होता. गुरुवारी सेन्सेक्स २,९१९ अंकांनी कोसळला होता. शुक्रवारी बाजार उघडला आणि काही मिनिटांतच घसरण दहा टक्क्यांवर गेली, लोअर सर्किट लागलं, व्यवहार पाऊण तास बंद झाले. सेन्सेक्स तेव्हा २९,३८८ पर्यंत खाली गेला होता. त्या पहिल्या मिनिटांत ज्यांनी मिळेल त्या भावाला विकलं, त्यांना वाटलं, चला, निदान उरलंसुरलं तरी वाचलं. बाजार पुन्हा सुरू झाला तो वर जायला लागला आणि साडेतीनला ३४,१०३ वर बंद झाला. आदल्या दिवसापेक्षा १,३२५ अंक वर. मग दुपारी काहींनी ठरवलं की तळ लागला, आता घ्यायचं. सोमवारी सेन्सेक्स २,७१३ अंकांनी पडला. त्याच्या पुढच्या सोमवारी, २३ मार्चला, ३,९३४ अंकांनी. त्या दिवशीचा बंद भाव २५,९८१ होता.

सकाळी विकणारा फसला, दुपारी घेणाराही फसला, आणि दोघांकडेही त्या वेळी पटण्यासारखं कारण होतं. यात कोणी मूर्ख नव्हतं. नोव्हेंबर २०२० मध्ये सेन्सेक्सने जानेवारीतला उच्चांक ओलांडला. ज्यांचे शेअर किंवा फंड चांगले होते आणि ज्यांनी त्या महिन्यात काहीच केलं नाही, त्यांचं दिवाळीपर्यंत भरून निघालं. पण हे त्यांचंच, ज्यांना मधल्या काळात तो पैसा लागला नाही. ज्याच्या घरी मे महिन्यात लग्न होतं किंवा दवाखान्याचं बिल भरायचं होतं, त्याला एप्रिलमध्येच विकावं लागलं. त्याची चूक मार्चमधली नव्हती. लग्नाचा पैसा शेअरमध्ये ठेवला, ती चूक आधीच होऊन गेली होती. या मुद्द्याकडे मी पुन्हा येईन, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

जून २०२४ चा पहिला आठवडा तर अजून ताजा आहे. १ जूनला मतदानोत्तर चाचण्या आल्या. सोमवारी, ३ जूनला सेन्सेक्स २,५०७ अंकांनी चढून ७६,४६८ वर बंद झाला. मंगळवारी मतमोजणी झाली, अंदाज चुकले आणि सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी आपटून ७२,०७९ वर आला. एका दिवसात बाजारमूल्यातून सुमारे ३१ लाख कोटी रुपये कमी झाले. बुधवारी २,३०३ अंक वर. शुक्रवारी ७६,६९३, म्हणजे सोमवारच्याही वर. पाच दिवसांत बाजार जिथे होता तिथे परत आला. त्या आठवड्याचे कागद मी पाहिले, तेव्हा बाजाराबरोबर परत आलेली माणसं फार दिसली नाहीत. सोमवारी चढ्या भावात घेतलेलं मंगळवारी दुपारी विकलेलं होतं, बुधवारी पुन्हा घेतलेलं होतं, तेही महाग. मंगळवारी दुपारपासून फोन सुरू झाले होते, “सर, काढून घेऊ काय सगळं?” माझ्याकडे एकच उत्तर होतं, आजही तेच आहे: हा पैसा तुम्हाला कधी लागणार आहे ते आधी सांगा.

आपण असं का वागतो, याचा अभ्यास झालेला आहे. डॅनियल कानेमान आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की हजार रुपये मिळाल्याचा आनंद आणि हजार रुपये गेल्याचं दुःख सारखं नसतं, दुःख बरंच मोठं असतं. पुढच्या कामात त्यांनी ते साधारण दुप्पट असल्याचं दाखवलं. म्हणून पडत्या बाजारात आकडा लाल दिसला की पोटात गोळा येतो आणि काहीतरी करून तो गोळा घालवावासा वाटतो. विकलं की क्षणभर बरं वाटतं. ते बरं वाटणं आपण पैसे देऊन विकत घेतलेलं असतं.

याच्याच पोटात एक दुसरी सवय असते आणि ती जास्त घातक आहे. नफ्यातला शेअर आपण चटकन विकतो, तोट्यातला वर्षानुवर्षं धरून ठेवतो. शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ साली ही सवय नोंदवली. आपल्याकडे तिला “भाव आला की काढतो” असं म्हणतात. आपण घेतला तो भाव आला, की सुटलो. कंपनी मात्र तुमच्या खरेदीचा भाव लक्षात ठेवून चालत नाही. वर काही जण त्याच शेअरमध्ये आणखी पैसे टाकून ‘ॲव्हरेज’ करत जातात. चांगली कंपनी असेल तर ठीक, नसेल तर एका खड्ड्यात दोनदा पैसे जातात.

दोन उदाहरणं देतो, दोन्ही आपल्या भागाशी जोडलेली. नागपुरात सिव्हिल लाइन्सला वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय आहे, ती कोल इंडियाची उपकंपनी. कोल इंडियाचा शेअर २०१० साली २४५ रुपयांना विक्रीला आला, नोव्हेंबरमध्ये बाजारात नोंदला गेला. इथल्या अनेक घरांत तो आला. २०२० साली त्याचा भाव शंभर-सव्वाशेच्या घरात उतरला होता. दहा वर्षांनी निम्म्यावर! तेव्हा कंटाळून विकणारे पुष्कळ. कंपनी मात्र कोळसा काढत होती आणि लाभांश देत होती. २०२४ मध्ये भाव पाचशेच्या वर गेला. दुसरं उदाहरण रिलायन्स पॉवरचं. जानेवारी २००८ मध्ये या शेअरसाठी देशभर झुंबड उडाली, इश्यूचा भाव ४५० रुपये, छोट्या गुंतवणूकदारांना ४३०. फेब्रुवारीत नोंदणीच्या पहिल्याच दिवशी तो इश्यूच्या भावाखाली गेला. याच कंपनीच्या उपकंपनीने आपल्या बुटीबोरीत ६०० मेगावॉटचा वीजप्रकल्प उभारला, त्यामुळे इथल्या लोकांना ती घरची कंपनी वाटत होती. “भाव आला की काढतो” म्हणत थांबलेल्यांनी २०२० साली तोच शेअर एक-दोन रुपयांना पाहिला. मध्ये बोनस मिळाला होता, तो धरूनही मुद्दल गेलंच.

दोन्ही शेअर धरून बसलेल्यांनी धीरच धरला होता. त्यामुळे “धीर धरा, सगळं परत येतं” असं मी सांगणार नाही. जपानच्या निक्केई निर्देशांकाला १९८९ च्या डिसेंबरमधला उच्चांक पुन्हा गाठायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. धीर धरायचा तो कंपनीचा धंदा चालू आहे, ती कमावते आहे आणि कर्जात बुडालेली नाही, हे पाहून. एवढं पाहायला जमत नसेल तर एकेका शेअरच्या नादी न लागता इंडेक्स फंडात जावं. तिथे एक कंपनी बुडाली तरी घर बुडत नाही.

म्युच्युअल फंडातल्या मासिक एसआयपीतही घाईची तीच चूक होते. सप्टेंबर २०२४ मध्ये निफ्टी २६,२७७ पर्यंत गेला, मग ऑक्टोबर ते फेब्रुवारी सलग पाच महिने खाली आला, मार्चच्या सुरुवातीला २२,००० च्याही खाली जाऊन आला. जानेवारी २०२५ मध्ये देशात जितक्या नव्या एसआयपी सुरू झाल्या, त्यापेक्षा जास्त बंद झाल्या: ५६ लाख सुरू, ६१ लाख बंद. युनिट स्वस्त मिळू लागले तेव्हाच लोक घेणं थांबवत होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये निफ्टीने तो जुना उच्चांक ओलांडला. घरची अडचण असेल तर एसआयपी थांबवण्यात काहीच गैर नाही. टीव्हीवर लाल पट्टी दिसली म्हणून थांबवू नका.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते सांगतो. फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे एफ अँड ओ. शेअरमधला तोटा माणूस सोसून जातो, ऑप्शन्समधला तोटा घर खातो.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशोब जाहीर केला. एफ अँड ओमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांचा तोटा झाला होता. खर्च धरून माणशी सरासरी तोटा सुमारे दोन लाख. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. सगळ्यात जास्त गमावणारे चार लाखांच्या आसपास लोक होते, त्यांचा सरासरी तोटा २८ लाख. तीन वर्षांत खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त कमावणारे फक्त एक टक्का. यातल्या तीन चतुर्थांशांपेक्षा जास्त लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलं होतं. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. पुढचा अहवाल २०२५ च्या जुलैमध्ये आला. २०२४-२५ या आर्थिक वर्षात तोट्यातले ९१ टक्के, एकूण तोटा १,०५,६०३ कोटी, आधीच्या वर्षापेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त.

मला यातला सर्वांत वाईट वाटलेला आकडा वेगळाच आहे. सलग दोन वर्षं तोटा होऊनही तोट्यातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी सौदे चालूच ठेवले. गेलेले पैसे त्याच जागेवरून परत आणायचे, या हट्टापायी.

समोर कोण बसलंय तेही पाहा. २०२३-२४ मध्ये ब्रोकिंग कंपन्यांच्या स्वतःच्या खात्यांनी यात ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी २८,००० कोटी रुपये कमावले, खर्चापूर्वीचे. त्यातला जवळपास सगळा नफा संगणकाने आपोआप चालवलेल्या सौद्यांचा होता. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीवर बँक निफ्टीत एक्सपायरीच्या दिवशी भाव वाकवल्याचा ठपका ठेवून ४,८४३ कोटी रुपये गोठवले. कंपनीने आरोप नाकारला आणि लवादाकडे दाद मागितली. निकाल काय लागायचा तो लागो. सक्करदऱ्याच्या अभ्यासिकेत मोबाइलवर कॉल-पुट घेणाऱ्या मुलाच्या सौद्याची दुसरी बाजू कुठे असते, ते त्यातून कळतं.

खर्चाचा हिशोब मी मुलांना कागदावर मांडून दाखवतो, तुम्हीही मांडा. निफ्टीच्या ऑप्शनचा लॉट २०२५ मध्ये होता तसा ७५ चा धरा आणि प्रीमियम १०० रुपये. साडेसात हजारांची खरेदी. त्याच भावाला, शंभरलाच, विकून टाकलं. मुलगा म्हणतो, बरोबरीत सुटलो. आता कॉन्ट्रॅक्ट नोट उघडा. घेण्याची आणि विकण्याची दलाली २० अधिक २०, म्हणजे ४० रुपये. तिच्यावर १८ टक्के जीएसटी. विक्रीवर एसटीटी. एक्सचेंजचं शुल्क. स्टॅम्प ड्युटी. बेरीज साठेक रुपये होते. दिवसाला असे पाच सौदे आणि महिन्याचे वीस दिवस धरले तर सहा हजार रुपये झाले. एक पैसाही न हरता महिन्याला सहा हजार, वर्षाला ७२,०००. आणि हे साडेसात हजार फिरवताना. सेबीच्या हिशोबात २०२३-२४ या एका वर्षात माणशी सरासरी २६,००० रुपये निव्वळ या खर्चात गेले होते. बाजार जितका अस्थिर तितके सौदे जास्त, आणि सौदे जितके जास्त तितका हा खर्च जास्त. दलाली तुमच्या नफा-तोट्याकडे पाहत नाही.

अमेरिकेत ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातल्या ६६ हजारांहून जास्त कुटुंबांची खाती तपासली होती. बाजाराने वर्षाला १७.९ टक्के दिले. सर्वांत जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या हातात ११.४ टक्के पडले. आणि ती तेजीची वर्षं होती.

नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने साप्ताहिक एक्सपायरी कमी केल्या, कॉन्ट्रॅक्टची किमान रक्कम १५ लाखांवर नेली. बरं केलं. पण तुमच्या फोनवर पहारा बसवणं सेबीला जमणार नाही, ते तुम्हालाच करावं लागेल. माझी विनंती स्पष्ट आहे: पगारावर, पेन्शनवर किंवा आईबापांच्या पैशावर जगणाऱ्याने एफ अँड ओचा विभाग आपल्या खात्यात बंदच करून घ्यावा. ब्रोकरच्या ॲपमध्ये तशी सोय असते, नसेल तर त्यांना लेखी कळवा. आजच करा. पर्सनल लोन, सोनेतारण, क्रेडिट कार्ड, मित्राचे उसने पैसे, यांतला एक रुपयाही बाजारात नेऊ नका. ब्रोकर ‘मार्जिन’वर शेअर घ्यायला पैसे देतो तेही कर्जच आहे, त्यावर रोज व्याज चढतं आणि भाव पडला की तो तुम्हाला न विचारता शेअर विकू शकतो.

अनिश्चितता आणखी एक करते. घाबरलेला माणूस खात्री विकणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो. नागपूरने हे पाहिलेलं आहे. २०१३ मध्ये श्रीसूर्य या गुंतवणूक कंपनीचं प्रकरण उघडकीला आलं, २०१४ मध्ये वासनकर या दुसऱ्या कंपनीचं. दोन्हीकडे मोठ्या परताव्याचं आश्वासन होतं आणि सुशिक्षित लोक, निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक आयुष्याची पुंजी घेऊन गेले होते. संचालकांना अटक झाली, ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या एमपीआयडी कायद्याखाली खटले उभे राहिले. ठेवीदारांच्या नशिबी न्यायालयाच्या चकरा आल्या. २००८ च्या मंदीने पोळलेल्या लोकांना ‘बाजाराची जोखीम आमची, तुम्हाला ठरावीक टक्के’ हे ऐकायला किती गोड लागलं असेल, ते मी समजू शकतो. पण बाजारात पैसा लावून ठरावीक परताव्याची हमी कायद्याने कोणीच देऊ शकत नाही. हमी ऐकली की उठून या.

संस्थाही यातून सुटत नाहीत. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने २००१-०२ मध्ये होम ट्रेडसह काही खासगी दलालांमार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी पैसे दिले. रोखे बँकेला मिळाले नाहीत, पैसेही परत आले नाहीत. दीडशे कोटींचा हा घोटाळा, त्यात शेतकऱ्यांच्या ठेवी अडकल्या. होम ट्रेडच्या जाहिरातीत मोठे क्रिकेटपटू आणि सिनेनट झळकत होते. २२ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे वीस वर्षांनी, नागपूरच्या न्यायालयाने बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा सुनावली. सरकारी रोख्यासारखी सुरक्षित वस्तूसुद्धा तुमच्या नावावर जमा झाल्याशिवाय तुमची होत नाही, हे या प्रकरणातून घरोघरी समजायला हवं होतं. तुमच्या शेअरचं तेच. ब्रोकरचं ॲप काहीही दाखवो, डिपॉझिटरीकडून, म्हणजे एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून, येणारं एकत्रित स्टेटमेंट प्रत्येक वेळी उघडून बघा.

डब्बा ट्रेडिंगबद्दल दोनच वाक्यं. सौदा एक्सचेंजवर न जाता कोणाच्या तरी वहीत राहतो, जिंकलात तर पैसे मिळतीलच असं नाही आणि हरलात तर वसुलीला माणसं घरी येतात. २०१६ मध्ये नागपूर पोलिसांनी यावर छापे घातले होते, तरी धंदा नव्या नावाने येतच असतो.

आता फसवणुकीचा धंदा व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर आला आहे. बाजार कोसळला की त्याच संध्याकाळी कोणीतरी तुम्हाला ग्रुपमध्ये घेतं. ‘प्रोफेसर’ असतात, नफ्याचे स्क्रीनशॉट असतात, मग एक ॲप डाउनलोड करायला सांगतात. त्या ॲपमध्ये तुमचे दहा हजार चार दिवसांत चौदा हजार झालेले दिसतात, दोन हजार काढूही देतात. मोठी रक्कम टाकली की काढता येत नाही, आधी ‘टॅक्स भरा’ म्हणतात. आयकर असा कोणाच्या खात्यात भरायचा नसतो, हे माझ्या धंद्यातलं आहे म्हणून खात्रीने सांगतो. सल्ला देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम वाटेतच थांबवता येण्याची शक्यता असते, दोन दिवस विचार करत बसलात तर नसते.

मग करायचं काय? मघाशी म्हटलं त्याकडे येतो: पैसा कधी लागणार आहे. एका कागदावर पुढच्या पाच वर्षांतले मोठे खर्च लिहा. मुलीचं कॉलेज, घराची दुरुस्ती, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन. तो सगळा पैसा बाजाराबाहेर हवा. बँकेत ठेवायचा तर एका बँकेत एका माणसाच्या पाच लाखांपर्यंतच्याच ठेवीला विमा आहे, तेवढं ध्यानात ठेवून वाटून ठेवा. साठी ओलांडलेल्यांना पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, तीत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के राहिला आहे. निवृत्त माणसाने ग्रॅच्युइटीचा चेक हातात पडल्याबरोबर ‘वाढवायला’ बाजारात नेणं मला कधीच पटलेलं नाही. त्या वयात गेलेला पैसा परत कमावायला वर्षं उरलेली नसतात. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा, आरोग्य विमा वेगळा. हे झाल्यावर जे उरेल आणि पाच-सात वर्षं लागणार नाही, ते बाजारात जाऊ द्या, दर महिन्याला, थोडं थोडं.

शेअर घेतानाच वहीत लिहून ठेवा की का घेतला आणि काय झालं तर विकणार. बाजार शांत असताना लिहिलेलं ते वाक्य वादळाच्या दिवशी तुमच्या कामाला येतं. बाजार जोरात हलेल त्या दिवशी तीन वाजेपर्यंत ॲप उघडू नका, आणि विकायचं असं वाटलंच तर एक रात्र जाऊ द्या. खरंच विकण्यासारखं कारण असेल, तर ते दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच असेल. भाव कळवणारी नोटिफिकेशन बंद करा. चॅनेलवरचं “उद्या काय होणार” ऐकू नका, उद्याचं त्यांनाही माहीत नसतं.

शेवटी ज्यांचं आधीच गेलं आहे त्यांच्याशी बोलायचं आहे. दर वर्षी काही जण येतात, समोर बसतात आणि दार लोटून घ्यायला सांगतात. घरी माहीत नसतं. बायकोचे दागिने बँकेत गहाण असतात, वडिलांना वाटत असतं पोरगा क्लासची फी भरतोय. अशा वेळी मी आधी आकडा लिहायला सांगतो. एकूण किती गेले, कोणाकोणाचं देणं आहे, कोणत्या कर्जाला किती व्याज. कागदावर आलेला आकडा डोक्यातल्या आकड्यापेक्षा नेहमी लहान वाटतो. मग पुढचे सौदे आजपासून बंद आणि सर्वांत महाग कर्ज सर्वांत आधी. जीव नको झाला असेल, रात्र रात्र झोप येत नसेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कधीही फोन करता येतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि तोटा झाला म्हणून विवरणपत्र टाळू नका, बहुतेकजण इथेच चुकतात. एफ अँड ओचा तोटा हा धंद्यातला तोटा धरला जातो, त्यासाठी आयटीआर-३ लागतो, नोकरदारांचा नेहमीचा आयटीआर-१ चालत नाही. पगारातून तो वजा होत नाही, पण भाडं, व्याज यांसारख्या इतर उत्पन्नातून त्याच वर्षी वजा करता येतो. उरलेला पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. शेअरमध्ये दिवसाच्या दिवशी केलेल्या सौद्यांचा तोटा मात्र सट्ट्याचा धरतात, तो चारच वर्षं पुढे नेता येतो आणि तसल्याच नफ्यातून. दोन्हींसाठी अट एकच, विवरणपत्र मुदतीच्या आत गेलं पाहिजे. ब्रोकरचं टॅक्स पी अँड एल आणि बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट काढा, आपापल्या कर सल्लागाराकडे जा, आणि जाताना घरातल्या कोणाला तरी सोबत न्या.